लोकसंख्या घटली, मग टँकर कशाला?

माणसं वाढली म्हणून पाणी पुरत नाही, ही सबब कोकणात चालणार नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८ टक्के घटली, सिंधुदुर्गाची २.२ टक्के. तरी मे महिन्यात वाड्यांवर टँकर ठरलेला! नळयोजना आखताना जनगणनेतली डोकी माणशी रोजच्या ५५ लिटरने गुणतात. चाकरमानी आणि पर्यटक त्या हिशेबात नसतातच. किनाऱ्यालगत लॉजच्या बोअरवेलवर पंप रात्रंदिवस चालतो, गोड्या पाण्याची पातळी उतरते आणि शेजारच्या विहिरीत खारं पाणी शिरतं. वनराई बंधारे, म्हणजे माती-वाळूच्या गोण्यांचे तात्पुरते बांध, वहाळाला (ओढ्याला) धार असतानाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात घालावेत. फेब्रुवारीत गोण्या रचून फक्त फोटो निघतो. लॉजला परवाना देताना बोअरला मीटर सक्तीचा करा.

– एक वाचक, गुहागर