तक्रार: 'फुल एचडी' छापून दिलेला ३२ इंची टीव्ही

नमस्कार,

चवथीच्या चार दिवस आधी मी म्हापशातल्या दुकानातून तुमच्या कंपनीचा ३२ इंची एलईडी टीव्ही घेतला, साडेनऊ हजारांना. स्वस्तातला आहे हे माहीत होतं, आणि एलईडी म्हटलं तरी आत पॅनल एलसीडीचंच, फक्त मागचा लाइट एलईडीचा, हेही माहीत होतं, त्यामुळे महागड्या टीव्हीसारखं पिक्चर मिळेल असं मी धरलंच नव्हतं. समोर बसून बघितलं तर कलर छान आहेत, रिमोटही आईला लगेच जमला.

पण बॉक्सवर मोठ्या अक्षरात 'फुल एचडी' छापलंय त्याचं काय? एचडीएमआयने लॅपटॉप लावला तर बारीक अक्षरं सगळी पुसट, म्हणून मॅन्युअलचं शेवटचं पान काढलं तर तिथे पॅनल १३६६ बाय ७६८. म्हणजे हा एचडी रेडी झाला. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, जवळजवळ दुप्पट पिक्सल. कस्टमर केअरवाले म्हणतात, सर, टीव्ही फुल एचडी सिग्नल घेतो ना. अहो घेतो, पण दाखवतो ७६८ च ओळी! ३२ इंचाला एचडी रेडी चालतो, लांबून फरक फारसा कळतही नाही, सरळ तसं लिहिलं असतं तर मी कदाचित हाच घेतला असता. नाही ते छापून विकायचं ही फसवणूक आहे.

आई खिडकीकडच्या खुर्चीत बसते, तिथून तिरकं बघताना माणसांचे चेहरे पांढरेफटक दिसतात, ते अशा पॅनलमध्ये थोडंफार होतं, मान्य. पण खाली डाव्या कोपऱ्यात पंजाएवढा पांढरट डाग आहे, रात्रीचा सीन आला की समोरूनपण दिसतो. टेक्निशियन डिचोलीला आमच्या घरी नऊ दिवसांनी आला, लाइट घालवून बघितलंपण नाही, 'या रेंजमध्ये असंच असतं' म्हणाला आणि जॉब शीटवर 'प्रॉब्लेम नाही' लिहून माझी सही मागायला लागला. मी केली नाही.

हे पैसे आईच्या पेन्शनमधले आहेत. टीव्ही बदलून खरोखरचा फुल एचडी द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा, आणि बॉक्सवरचं ते छापणं बंद करा. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक आयोगात जाणार. बिल, बॉक्सचा आणि डागाचा फोटो सोबत जोडलाय. माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, मी दुपारी दोननंतरच घरी असतो.