खेळातल्या रेल्वेला मराठी शब्द हवेत

महोदय,

भुसावळ विभागात मी ३१ वर्षं स्टेशन मास्तर होतो. निवृत्तीबरोबर रूळ, सिग्नल, सांधे सगळं मागे पडलं असं वाटलं होतं. नातीमुळे ते पुन्हा घरात आलं. ती सहावीत आहे आणि सुट्टीत ‘ओपनटीटीडी’ नावाचा संगणकावरचा खेळ खेळते. नकाशावर गावं, खाणी, कारखाने असतात. आपण रूळ टाकायचे, गाड्या घ्यायच्या, कोळसा वीजकेंद्रात पोचवायचा आणि मिळालेल्या पैशांतून पुढची लाइन बांधायची.

खेळ मूळचा ख्रिस सॉयर या स्कॉटिश प्रोग्रॅमरचा. ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ १९९४ साली आला, ‘डीलक्स’ आवृत्ती पुढच्या वर्षी. माझा मुलगा तो सीडीवरून खेळायचा. पुढे घरातला संगणक बदलला आणि ती सीडी कपाटात गेली ती गेलीच. पण लुडविग स्ट्रिगियस या स्वीडिश प्रोग्रॅमरने जुन्या खेळाची आतली रचना उकलली, तो सी भाषेत नव्याने लिहिला आणि २००४ मध्ये सगळ्या कोडसकट ‘ओपनटीटीडी’ म्हणून लोकांपुढे ठेवला. चित्रं आणि आवाज मात्र मूळ मालकांचे, त्यामुळे जुनी सीडी लागायचीच. मग स्वयंसेवकांनी इंजिनं, डबे, घरं, झाडं एकेक करून पुन्हा काढली, आवाज आणि संगीतही नवं केलं. २०१० साली १.० आवृत्ती आली तेव्हा सीडीची गरज उरली नव्हती. कुणी पगार देत नसताना लोक इतकी वर्षं हे सांभाळत आले आहेत. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

मी स्वतः गुंतलो ते सिग्नलमुळे. मूळ खेळात हिशेब साधा होता: दोन सिग्नलांमधला टप्पा म्हणजे ब्लॉक, आत एक गाडी असली की दुसरी बाहेर उभी. आम्ही यंत्रातून टोकनचा गोळा, म्हणजे पुढच्या टप्प्यात जायची परवानगी, काढून ड्रायव्हरच्या हाती द्यायचो, तो याच नियमापायी. पण स्टेशनच्या तोंडाशी, जिथे सांध्याला (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) सांधा लागून असतो, तिथे हा नियम अडवतो. एक गाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या लाइनीवर, शिरत असली की तिच्या आड न येणारी, पलीकडून सुटणारी गाडीही खोळंबते. खुल्या कोडवर काम करणाऱ्यांनी यावर ‘पाथ सिग्नल’ आणला. गाडी पुढची वाट आधी राखून घेते आणि वाटा एकमेकींना छेदत नसतील तर दोन्ही गाड्या एकदमच चालतात. केबिनमध्ये आम्ही रूट लावायचो तेच हे. नातीच्या चार फलाटांच्या स्टेशनात तो बसवून दिला, तेव्हा बाहेर लागलेली सात गाड्यांची रांग हळूहळू सुटताना आम्ही दोघं बघत बसलो.

गेल्या महिन्यात तिची एक बस नेमकी फाटकात बंद पडली आणि मालगाडी वर आली. ती बराच वेळ बोलली नाही. मी नोकरीत फाटकांवर जे पाहिलं ते तिला कधी सांगितलेलं नाही, तेव्हाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिथे पूल बांधला.

अडचण भाषेची आहे. “आबा, ‘वेटिंग फॉर फ्री पाथ’ म्हणजे काय?” असं ती विचारते. मी म्हणतो, “लाइन क्लियर मिळाली नाही अजून.” खेळाच्या भाषांच्या यादीत तमिळ आहे, मराठी दिसली नाही. मुलाने कोडच्या साठ्यात शोधलं, तर मराठीची फाईल निघाली, पण ‘अपूर्ण’ असं लिहिलेल्या कप्प्यात. कुणीतरी मनापासून सुरुवात केली होती, त्यांचे मी आभार मानतो. पुढचं काम कुणीही हाती घेऊ शकतं, परवानगीसाठी खेटे घालावे लागत नाहीत. संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी ते घ्यावं आणि महाविद्यालयांनी असं काम प्रकल्प म्हणून मान्य करावं, ही माझी विनंती.

फक्त शब्द कोशातून उचलू नयेत. कागदोपत्री ‘समपार’ लिहिलेलं असायचं, पण रुळावर सगळे फाटकच म्हणत. पॉइंटला सांधा आहे, तो बदलणारा सांधेवाला आहे. वॅगनला वाघीण आहे. कांद्याला वाघिणी मिळत नाहीत या बातम्या आपल्याच वृत्तपत्रांत येतात. असे दोनशेच्या आसपास शब्द मी वहीत उतरवले आहेत, मागेल त्याला देईन. एका जागी मात्र अडलो आहे. खेळात आगगाडीलाही ‘डेपो’ आणि बसलाही ‘डेपो’. आम्ही रेल्वेत शेड म्हणायचो, एसटीचं ते आगार. दोन्हींना चालेल असा एक शब्द घ्यावा, की दोन वेगळे ठेवावेत? नातीचं म्हणणं दोन ठेवा. एसटीत नोकरी केलेल्या वाचकांचं मत वाचायला आवडेल.

– एक निवृत्त स्टेशन मास्तर, भुसावळ