हेड घासायच्या आधी सीसी मोजायला लावलंत, त्याबद्दल

दादा,

सप्रेम नमस्कार. खरं तर हे पत्र तुम्हाला एकट्यालाच पाठवायचं होतं. पण तुम्ही जे सांगितलंत ते इंजिन उघडून बसलेल्या आणखी चारजणांच्या उपयोगी पडेल, म्हणून उघडच लिहितोय. नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि उद्या सगळे तुमच्याच मागे लागतील.

माझा प्रश्न सरळ होता. १५० सीसीचं एअर-कूल्ड इंजिन, त्यात जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा, कॅम टाकलेला. जास्त आरपीएमला गाडी पळते, कमी आरपीएमला दम नाही. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ९.५ आहे, तो ११ करायला हेड (सिलिंडरवरचं झाकण) किती घासू? तुम्ही आकडा दिलाच नाहीत. उलट विचारलंत, "९.५ मोजलाय कुणी?"

कॉम्प्रेशन वाढवू नकोस, असं मात्र तुम्ही म्हणाला नाहीत, हे मला फार बरं वाटलं. बरेच जाणकार मॉडिफिकेशनचं नाव काढलं की आधी नाक मुरडतात. असा कॅम टाकला की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, पिस्टन वर यायला लागला तरी उघडाच असतो, आणि कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण थोडं परत इनटेकमध्ये ढकललं जातं. दाबायला उरतं कमी. कागदावरचा रेशो तोच, प्रत्यक्षात दाब पडलेला. म्हणजे रेशो वाढवण्याचं कारण खरंच होतं. प्रश्न फक्त कुठून आणि किती, एवढाच.

मग तुम्ही मोजणी शिकवलीत, आणि सगळ्यात जास्त आभार त्याचेच. हेड उलटं ठेवायचं, प्लग लावलेला, व्हॉल्व्हच्या सीटवर ग्रीसचा पातळ हात. वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची चकती ग्रीसनं चिकटवायची आणि ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेल्या नळीतून) रंगवलेलं रॉकेल सोडायचं. भोकाची बाजू किंचित वर राहील असं हेड तिरकं ठेव, हे तुम्ही बजावून सांगितलं होतंत, आणि ते का ते शेवटच्या बुडबुड्यानं दाखवून दिलं. चकतीखाली मसुराएवढा बुडबुडा कडेला चिकटून बसतो. हेड बोटानं टकटक करत तो भोकापाशी आणून बाहेर काढल्याशिवाय आकडा खरा येत नाही.

हेडचा खळगा आणि पिस्टनवरच्या व्हॉल्व्हच्या खाचा मिळून १३.६ सीसी भरले. पिस्टन टॉपला असताना त्याच्या आणि हेडच्या मधली फट सोल्डरची तार चिरडून मोजली. तार पिस्टन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना ठेवायची, नाहीतर पिस्टन डुलतो आणि फट खोटी दिसते. तार १.५ मिलिमीटरची निघाली. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५८, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५६.४ मिलिमीटर, म्हणजे पिस्टन १४९ सीसी झाडतो आणि प्रत्येक मिलिमीटर उंचीला २.६४ सीसी. फटीचे जवळपास ४ आणि खळग्याचे १३.६ मिळून १७.६. १४९ अधिक १७.६, भागिले १७.६: रेशो ९.५ बरोबरच होता, पण आता तो माझा होता.

आणि इथेच तुम्ही कळीचा मुद्दा दाखवलात. माझ्या हेडमध्ये खळग्याभोवतीचा स्क्विशचा पट्टा (पिस्टनच्या कडेसमोर येणारा भाग) गॅस्केटच्या पातळीतच सपाट आहे. हेड घासलं तर खळगा उथळ होतो, रेशो वाढतो, पण पट्टा आणि पिस्टनमधली फट जशीच्या तशी राहते. तेच ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, खालून घासून घेतला तर पिस्टन वर येतो, रेशोही वाढतो आणि फटही आवळते. ही फट आवळली की पिस्टन टॉपला येताना कडेचं मिश्रण, दोन तळव्यांत पाणी दाबल्यासारखं, फटकन मध्ये फेकलं जातं. ज्वाला भराभर पसरते, आणि आपोआप पेटून नॉकिंग करायला कडेला फारसं काही उरत नाही. दीड मिलिमीटरच्या फटीत हे जवळजवळ घडतच नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात हॅरी रिकार्डो यांनी साइड-व्हॉल्व्ह इंजिनांच्या हेडमध्ये हीच युक्ती वापरली होती. आणि आपण अजून 'हेड किती घासू' विचारतोय!

ब्लॉक ०.६ मिलिमीटर घासून घेतला. फट ०.९, वरची जागा १६ सीसीच्या आसपास, रेशो १०.३. मी लगेच म्हटलं, आता हेड थोडं घासून ११ करूनच टाकू. त्यावर तुम्ही ऑटो सायकलचं (पेट्रोल इंजिनाच्या आदर्श कार्यक्षमतेचं) सूत्र मांडायला लावलंत. आदर्श हिशोबात ९.५ वरून १०.३ ला कार्यक्षमता साधारण २ टक्क्यांनी वाढते, तिथून ११ ला आणखी दीड-पावणेदोन. तेवढ्यासाठी एअर-कूल्ड हेडची उष्णता आणि साध्या पेट्रोलचा ऑक्टेन (नॉकिंग सोसण्याची ताकद), दोन्ही पणाला लावायचे का, ते तू ठरव, म्हणालात. ठरवलं. हेडला हात लावला नाही.

बाकीचं भराभर सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत असतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर क्ले लावून पाहिलं, टॉपला नव्हे तर ओव्हरलॅपच्या (दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात त्या वेळेच्या) दहा अंश अलीकडे-पलीकडे, कारण ते सर्वात जवळ तिथे येतात. इनटेकला १.५ आणि एक्झॉस्टला २ मिलिमीटरच्या वर जागा उरली. ब्लॉक घासल्यामुळे हेड खाली आल्यानं कॅम चेनची ओढीची बाजू सैल पडते आणि कॅम क्रँकच्या मानानं दोनेक अंश मागे राहतो. हे तुम्ही सांगितलं नसतंत तर खालचा दम पुन्हा गेला असता आणि मी कार्ब्युरेटरच्या जेटिंगला शिव्या घालत बसलो असतो. स्प्रॉकेटची भोकं लांबट करून कॅम जागेवर आणला.

आता चौथ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला तरी नॉकिंगची खडखड नाही. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर भिंगाखाली काळे ठिपके नाहीत, ॲल्युमिनियमची चमकही नाही. किक मात्र जड झालीय, पाय सांगतो.

एक विचारायचं आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे इग्निशन (ठिणगीची वेळ) दोन अंश मागे घेतलं तरी ओढ तसूभरही कमी झाली नाही. म्हणजे ज्वाला खरंच जलद पसरतेय असं मी समजतोय. आणखी एक अंश मागे घेऊन पाहू, की आधी मेन जेट (कार्ब्युरेटरचं पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक नंबर कमी करू?

आपला,
धाकटा