आमच्या कियोस्कवालीला, थँक्यू म्हणायचं राहिलंच होतं

प्रिय कियोस्कवाली,

तुझं नाव मला माहितीये, पण न विचारता असं सगळ्यांसमोर लिहिणं बरं नाही, म्हणून आई म्हणते तसंच म्हणते. तू मला ओळखणार नाहीस कदाचित, दिवसाला किती लोक येतात तुझ्याकडे, पण आईला नक्की ओळखशील. इंदूरच्या राजवाड्याच्या अलीकडची तुझी गल्ली, भर दुपार, मरून साडी, हातात पिशवी, पिशवीत पिशवी, त्यात अजून एक पिशवी आणि त्यात आधार कार्ड. हो, तीच.

आईचं वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांचं आयुष्मानचं कार्ड, काढायला तुझ्या ऑनलाइन कामांच्या कियोस्कवर आलो ती आमची तिसरी चक्कर होती. पहिल्या दुकानात सांगितलं समग्र आयडी (एमपी सरकारचा ओळख नंबर) आणा, आणला, तर म्हणे समग्रमध्ये आईच्या नावाला "बाई" जोडलंय आणि आधारमध्ये नाही, आधी ते दुरुस्त करा. (आमच्या एमपीत बाईमाणसाच्या नावापुढे बाई लावल्याशिवाय बाबू लोकांना चैनच पडत नाही, आता त्याचं काय करणार.) दुसऱ्यानं तर सरळ तीनशे रुपये मागितले, वर म्हणाला तुमचं तर स्वतःचं घर आहे, तुमचं होणार नाही पण मी करून देतो. मी दोन वेळा ऑफिसातून हाफ डे टाकून आलेली, डोकं फिरलं होतं. आणि आई म्हणजे आधीपासूनच नको म्हणत होती.

तिच्या नको म्हणण्यामागची गोष्ट तुला त्या दिवशी सांगायला वेळ नव्हता. बाबा मिलमध्ये होते. इंदूरच्या मिला एकेक करून बंद पडल्या त्यात त्यांचीही गेली, आणि मग हक्काच्या पैशांसाठी त्यांनी इतकी वर्षं फाईल सांभाळली की ती फाईल आमच्या घरातला एक माणूसच होऊन बसली होती. अर्ज, झेरॉक्स, तारीख, परत अर्ज. पैसे आले तेव्हा बाबा नव्हते. त्यामुळे सरकारी कागद म्हटला की आईचा चेहरा बंद होतो. शिवाय २०१८ मध्ये दवाखान्याच्या खर्चाची सरकारी आयुष्मान योजना आली तेव्हा शेजारच्यांनी सांगितलं म्हणून आम्ही यादी बघितली होती, ती २०११ च्या सर्व्हेवरून केलेली, त्यात आमचं नाव नव्हतं. झालं, आईनं विषय संपवून टाकला, "फुकटचं आपल्याला नकोच".

मी तिला शंभर वेळा सांगितलं की आता वेगळंय. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही वय वंदना कार्ड मिळतं, घर आहे का पगार किती काही बघत नाहीत, वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होऊन कॅशलेस उपचार. आई, तू शहात्तरची आहेस, शुगर आहे, बीपी आहे, प्रायव्हेट पॉलिसीवाले प्रीमियम सांगतात तो ऐकून मलाच बीपी होतो आणि वर जुन्या आजारांसाठी तीन-तीन वर्षं थांबा म्हणतात, यात तसं काही नाही, पहिल्या दिवसापासून सगळं धरतात. ती ऐकायची आणि म्हणायची, बरं, चहा टाकू का.

आणि मग तू. खरं सांगू, पहिल्या मिनिटाला तुझा मला रागच आला होता. मी सवयीनं बोलायला लागले, यांचं करायचंय, यांचं वय इतकं, यांना ऐकू जरा कमी येतं, आणि तू मला हातानं थांबवलंस आणि म्हणालीस, "ताई एक मिनिट, आजींना सांगू दे." आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलीस. मी गप्प. मला वाटलं ही कोण मला शिकवणार. पण गेली दोन-तीन वर्षं बँकेत, डॉक्टरकडे, सगळीकडे लोक आईकडे न बघता माझ्याशीच बोलतात आणि मीही तेच करायला लागलेय हे मला तुझ्यासमोर उभं राहिल्यावर कळलं. आई पार्सल आहे आणि मी ते पोचवायला आलेय, असं काहीतरी झालं होतं आमचं.

तू तिला विचारलंस, आजी हे कार्ड कशासाठी हवंय तुम्हाला. आई म्हणाली, मला नकोय, हिला हवंय. तू हसलीस आणि म्हणालीस बरं मग हिच्यासाठीच करू, आणि तिला समजावलंस, मी इतके दिवस जे भाषण देत होते तेच, पण कसं सांगितलंस! आधी काय मिळणार नाही ते सांगितलंस. रोजच्या शुगर-बीपीच्या गोळ्या यात नाहीत आजी, नुसतं डॉक्टरला दाखवून यायचं तर तेही नाही, भरती झालात तरच. भरती होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी आल्यावरचे पंधरा दिवस धरतात. सगळे दवाखाने घेत नाहीत, जायच्या आधी विचारायचं कार्ड चालतं का, आणि आत गेल्यावर आयुष्मान मित्र, म्हणजे या कार्डाचं काम बघणारा माणूस, कुठे बसतो ते शोधायचं, पैसे भरायच्या लाईनीत आधी उभं राहायचं नाही. काही अडलं तर १४५५५ ला फोन. आईला पटलं ते तिथेच बरं का. जो माणूस आधी "हे नाही मिळणार" म्हणतो त्याच्यावर तिचा विश्वास बसतो, भाजीवाल्यापासून सगळ्यांच्या बाबतीत.

मग विचारलंस, आजोबा आहेत का, दोघं सत्तरच्या वर असतील तर पाच लाख दोघांत मिळून असतात. मी एकदम टेन्शनमध्ये. आणि आई शांतपणे म्हणाली, "नाहीत गं, असते तर अर्ध्याहून जास्त त्यांनीच संपवले असते." तू हसावं की नाही असं तोंड करून बसलीस आणि मग आम्ही तिघी हसलो.

समग्रची चिठ्ठी मी पुढे केली तर म्हणालीस ठेवा आत, सत्तरच्या वरच्यांना आधार पुरतं. पण आधारला नंबर लागलेला बाबांचा, ते सिम कधीच बंद झालेलं, म्हणजे ओटीपी येणार कुठे. अंगठा लावला, नाही. दुसरा, नाही. ओल्या फडक्यानं बोटं पुसून दिलीस, दाबून, हळू, दहाची दहा बोटं झाली, मशीन लालच. वय झालं की ठसे पुसट होतात असं तू म्हणालीस, आणि आईनं हात उलटे करून बघितले आणि म्हणाली, गेल्या पोळ्यांत. मिल बंद पडल्यावर तिनं डबे सुरू केले होते ना, सकाळी पाचपासून कणीक. मी ते वाक्य आधी कधी ऐकलं नव्हतं. तू काही बोलली नाहीस, फक्त तिचे हात जरा जास्त वेळ धरून ठेवलेस. मशीनसाठी धरलेत असं दाखवलंस, पण मशीन बाजूला ठेवलेलं होतं, मी बघत होते.

मग मोबाईलवर चेहऱ्यानं करायचं ठरलं. आईला चष्मा काढायला लावलास, डोळे मिचकवा म्हणालीस, आणि आई डोळे फाडून बघत बसली कारण फोटोत डोळे मिटले की फोटोवाला ओरडतो हे तिच्या लग्नापासून तिच्या डोक्यात बसलंय. मागे लाईन वाढलेली, एक काका बडबडायला लागलेले. तू त्यांना म्हणालीस, भैया, आजी पहिल्यांदा करताहेत, तुमच्यासाठी पण इतकाच वेळ देईन. त्या काकांना सीजीएचएस (केंद्र सरकारी नोकरांची आरोग्य योजना) आहे हेही निघालं मग, आणि तू त्यांना सांगितलंस की दोन्हीपैकी एकच ठेवता येईल, नीट विचार करून या. तुझ्याजागी दुसरं कुणी असतं तर कार्ड काढून मोकळं झालं असतं.

चौथ्यांदा गोल हिरवा झाला. थोड्या वेळात कार्ड निघालं. आईनं विचारलं, "झालं? एवढंच?" मला वाटतं तिला जरा फसवल्यासारखं वाटलं, इतक्या लवकर सरकारचं काही होतं यावर तिचा विश्वासच बसेना. लॅमिनेशनचे वीस रुपये घेतलेस, मी पन्नासची नोट देऊन राहू दे म्हटलं तर तीस परत केलेस. त्या गडबडीत मी थँक्यू म्हणाले की नाही मला आठवत नाही. बहुतेक नाही. रिक्षा थांबली होती.

देवाच्या दयेनं कार्ड अजून वापरायची वेळ आलेली नाही. ते देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे, बाबांच्या फाईलीच्या वर. मोबाईल नंबरही आता आधारला आईचाच लावून घेतलाय, तू सांगितलं होतंस तसं. मी मात्र आईबरोबर कुठे गेले की आता एक पाऊल मागे उभी राहते. प्रत्येक वेळी जमत नाही. परवा डॉक्टरकडे परत मीच सुरू झाले होते, तर आईनं माझा हात दाबला आणि स्वतः बोलली.

आणि हो, मंगळवारी दुपारी थोडा वेळ ठेव. वरच्या मजल्यावरच्या काकूंना घेऊन आई येणार आहे, मी नाही, त्या दोघीच, ई-रिक्षानं. काकूंच्याही बोटांचा भरवसा नाही, म्हणून आई त्यांना रोज संध्याकाळी गॅलरीत बसवून डोळे मिचकवायला शिकवतेय.

तुझी,
मरून साडीवाल्या आजींची मुलगी