ताई, तू शिकवलंस म्हणून

ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं खरं पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

डिसेंबरात जपानमध्ये होक्काइडोला पावडर स्कीइंगला, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात स्की करायला चाललेय म्हटल्यावर घरच्यांपासून शेजारच्यांपर्यंत सगळ्यांनी थंडीचंच विचारलं, जॅकेट घेतलंस का, थर्मल घेतलेस का. बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला सिग्नलवरून शोधायचं यंत्र, चालवता येतो का हे फक्त तू विचारलंस. आणि नुसतं विचारून थांबली नाहीस, सकाळी सकाळी केरीच्या किनाऱ्यावर नेलंस, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तुझा बीकन वाळूत पुरलास आणि म्हणालीस, शोध आता. बीकनवरचा अंतराचा आकडा उतरायला लागला की घाई सोडायची, बीकन अगदी जमिनीलगत धरायचा, मग प्रोब, म्हणजे लांब सळई, टोचत जायचं, खाली काही लागलं की प्रोब तसाच ठेवायचा, आणि खणायचं ते वरून सरळ खाली नाही तर उताराच्या खालच्या बाजूने आत शिरायचं. घड्याळ लावून परत परत करून घेतलंस, कारण हिमस्खलनात गाडलेल्या माणसाच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात, तेवढ्यात सोबतच्यांनीच काढायला हवं. फिरायला आलेले लोक काय हरवलं म्हणून थांबायचे, त्यांनाही तू किती मनापासून सांगत होतीस!

सीझनच्या सुरुवातीचं तू सांगितलेलं तर जसंच्या तसं खरं निघालं. सायबेरियाचा वारा जपानच्या समुद्रावरून ओल घेऊन येतो आणि होक्काइडोतल्या निसेकोवर तो कोरडा बर्फ पडतो, मुठीत दाबला तरी गोळा होत नाही, काय सुख आहे गं त्यात स्की करणं! पण सुरुवातीला खाली बेस, म्हणजे दबून बसलेला बर्फाचा थर, भरलेला नसतो, सासा हा तिथला बुटका बांबू नीट दबलेला नसतो, ओढे उघडे असतात. टूरिंगच्या, म्हणजे स्कीवर स्वतः चढून जायच्या दिवशी स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे मागे न घसरू देणाऱ्या चिकट पट्ट्या, लावून एवढं चढून गेलो आणि वर गाइडने बर्फातून डोकावणारे बांबूचे शेंडे दाखवले, म्हणाला इथून नाही, आल्या वाटेने परत. काहींची तोंडं उतरली. मला आधीच माहीत होतं, त्यामुळे वाईट वाटलं नाही.

आणि हो, थांबल्यावर स्किन जॅकेटच्या आत ठेवायला सांगितलेलंस ना, त्यामुळे माझ्या स्किनचा गोंद शेवटपर्यंत टिकला.

तुझा प्रोब आणि फावडं रविवारी आणून देते. ऑफिसातली एक मैत्रीण पुढच्या वर्षी यायचं म्हणतेय, तिलाही शिकवशील?

देव बरे करो ताई.