वारसा वाचवणाऱ्या अनामिक हातांचे आभार

ज्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत, त्यांचे हे जाहीर आभार.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर इटलीतील फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला, तेव्हा देशोदेशींचे तरुण तळघरांतील चिखलात रांगा करून उभे राहिले आणि भिजून जड झालेले ग्रंथ हातोहात वर पोहोचवत राहिले. ओल्या कागदाला बुरशी फार लवकर धरते. म्हणून पानापानांत टीपकागद घालून ती सुकवण्याचे किचकट, दीर्घकाळ चाललेले काम ज्यांनी केले, त्यांची कामगिरी मला त्याहूनही मोठी वाटते. ऑगस्ट १९९२ मध्ये, बोस्नियातील युद्धात, सारायेव्होचे ग्रंथालय तोफगोळ्यांनी पेटले असताना गोळीबारातून पुस्तके बाहेर काढणाऱ्या ग्रंथपालांचे आणि नागरिकांचे आभार मानावेत तितके थोडेच. माली देशातील टिंबक्टू शहराची हस्तलिखिते सशस्त्र गटांपासून वाचवण्यासाठी पत्र्याच्या पेट्यांत लपवून, रस्त्याने आणि नायजर नदीतील होड्यांतून राजधानी बामाकोला नेणारे वाहनचालक व नावाडी यांचेही आम्ही ऋणी आहोत.

सशस्त्र संघर्षात सांस्कृतिक संपत्तीचे रक्षण करण्याचे बंधन १९५४ च्या हेग कराराने राष्ट्रांवर घातले. अनामिक हातांनो, आपल्यावर मात्र असे कोणतेच बंधन नव्हते. आपण वाचवलेली पाने आजही वाचली जात आहेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.