धडाधडा वाचतो, पण कळते किती?

महोदय,

शाळाभेटीला आलेले साहेब दुसरीतल्या एखाद्या मुलाला उभे करतात, मोबाइलवर एक मिनिट लावतात आणि शब्द मोजतात. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' या पायाभूत वाचन-लेखन व गणिताच्या केंद्र सरकारी अभियानाच्या उद्दिष्टांत दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द असे म्हटले आहे खरे, पण हे वाचन अर्थ समजून व्हावे हीही अपेक्षा आहे. मोजायला सोपे तेवढे मोजले जाते आणि अर्थ राहून जातो. त्यातून मराठीत 'घरासमोरच्या' हा एवढा लांबलचक ऐवज एकच शब्द धरला जातो, तेव्हा त्या आकड्याचे फार कौतुक नको.

आकलन शिकवायला पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा गोष्टीचे पुस्तक सरस. धडा पुन्हा पुन्हा घोकून पाठ झालेला असतो, त्याखालच्या प्रश्नांची उत्तरेही वहीत उतरलेली असतात. अनोळखी गोष्टीत तशी पळवाट नसते. समजा, तीन वाक्ये अशी आहेत: 'संध्याकाळी शेवंता बाजारातून परतली. तिची टोपली रिकामी होती. वाटेभर ती गाणे गुणगुणत होती.' टोपली कशी होती, असे विचारले की अख्खा वर्ग 'रिकामीऽऽ' म्हणून ओरडतो. यात कळण्याचा संबंध नाही. प्रश्नातला शब्द ओळीत हुडकायचा आणि शेजारचा उचलायचा. शेवंता खूश का होती, या प्रश्नाला मात्र वर्ग गप्प. काही मुले तर टोपली रिकामी म्हणून ती उदास होती, असे ठोकून देतात. गाणे गुणगुणत असल्याचे त्यांनीच वाचलेले असते, पण दोन वाक्यांचा सांधा जुळलेला नसतो. माल सगळा विकला गेला, हे पुस्तकात कुठेही छापलेले नाही; ते मुलाने स्वतः भरायचे असते. ज्याच्या घरची भाजी आठवडे बाजारात जाते ते पोर हे चटकन सांगते, मग त्याचे वाचन अडखळत का असेना. म्हणून दहा प्रश्न काढले तर त्यांतले तीनच 'ओळीत सापडणारे' असावेत, पाच दोन ओळींच्या मधले आणि दोन मुलांच्या मताचे. मताच्या प्रश्नाला 'हे कशावरून म्हणतोस, पान दाखव' ही जोड हवीच, नाहीतर नुसत्या थापा सुरू होतात.

पुस्तक निवडताना दुसरीसाठी १२ ते १६ पाने, पानावर दोन ते चार ओळी आणि ठसठशीत टाइप पाहावा. तिसरी-चौथीला पानावर आठ-दहा ओळी चालतात. मुलाला कोणतेही एक पान वाचायला द्यावे. पाच शब्द अडले तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचण्याचे नाही, शिक्षकांनी वाचून दाखवण्याचे आहे. चित्रातच सगळे उत्तर दिसत असेल तर मूल चित्र वाचते, ओळ नाही. अशा पानावर आधी चित्र झाकून ओळ वाचावी.

एक गोष्ट आठवडाभर पुरते. पहिल्या दिवशी मुखपृष्ठ दाखवून काय घडेल याचा अंदाज घ्यावा, पण पाच मिनिटांच्या वर नाही. मग पुस्तक छातीशी मुलांकडे तोंड करून धरावे आणि गोष्ट सलग वाचावी. थांबायच्या दोन-तीन जागा आदल्या दिवशीच चिठ्ठ्या लावून ठरवून ठेवाव्यात. दर ओळीला 'म्हणजे काय?' विचारत बसले की गोष्टीचा जीव जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचन आणि चार-पाचच शब्द. तेही असे, की ज्यांच्यावाचून गोष्ट अडते. तिसऱ्या दिवशी जोडीने वाचन. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाशेजारी सगळ्यात कच्चे मूल बसवू नये, कारण मग एक वाचतो आणि दुसरा पाने उलटतो. हुशार-मध्यम, मध्यम-कच्चा अशा जोड्या लावाव्यात. चौथा दिवस प्रश्नांचा. पाचव्या दिवशी प्रसंगांच्या पाच चिठ्ठ्या क्रमाने लावून गोष्ट आपल्या शब्दांत सांगणे, आणि ज्याला जमेल त्याने चार वाक्ये लिहिणे. सांगताना कोण, कुठे, काय अडले, मग काय केले आणि शेवटी काय झाले, एवढे आले की झाले. 'तात्पर्य काय?' हा प्रश्न तर आठवडाभर विचारूच नये. 'खोटे बोलू नये' हे उत्तर मुले कुठल्याही गोष्टीला देतात.

सगळ्यात जास्त बिघडते ते प्रश्नांच्या तासाला. प्रश्न विचारला की एका सेकंदात आपणच उत्तर सांगून मोकळे होतो. त्याऐवजी मनात पाचपर्यंत अंक मोजावेत. आढेवेढे घेणारी मुले तिसऱ्या-चौथ्या अंकाला तोंड उघडतात. सामूहिक उत्तर बंद. 'एकेक ओळ एकेकाने' हा जुना प्रकारही बंद करावा. त्यात मूल आपली ओळ कितवी ते मोजून तीच घोकत बसते, बाकीची गोष्ट त्याच्या कानावरून जाते.

आणखी एक जागा सहसा कोणी तपासत नाही: त्याने, तिला, त्यांचा, तरी, म्हणून. गोष्टीत लांडगा, धनगर आणि कुत्रा असे तिघे असले की 'त्याने त्याला हाकलले' इथे पोरे गडबडतात. बोट ठेवून 'इथे त्याने म्हणजे कोणी?' एवढेच विचारावे. 'पाऊस आला तरी ती गेली' यातला 'तरी' गाळून वाचणारे मूल ती पावसामुळेच गेली असे सांगते. मध्येच मुद्दाम 'मासा झाडावर चढला' असे चुकीचे वाचावे. जो हसतो किंवा हटकतो तो अर्थ धरून ऐकतो आहे. जो मान डोलावतो त्याच्याकडे त्या आठवड्यात जास्त लक्ष द्यावे.

आता खान्देशापुरते. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडले, की वाचून समजणे हा अक्षरवाचन आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. एक शून्य असेल तर उत्तर शून्य. आपल्याकडे दुसरा आकडा विसरला जातो. घरी अहिराणी, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिली, आणि शाळेत पुस्तकी मराठी. कमी कुठे पडते हे ओळखायचे सोपे आहे. मुलाला न समजलेली गोष्ट आपण वाचून दाखवावी. ऐकून उत्तरे आली तर अडचण अक्षरांची, बहुधा जोडाक्षरांची. ऐकूनही आली नाहीत तर भाषेची, आणि तिथे बाराखडी कितीही गिरवली तरी फरक पडत नाही. अशा वेळी उत्तर बोलीतच घ्यावे. 'तिना बठ्ठा माल इकाई गया' हे शेवंताच्या प्रश्नाचे शंभर टक्के बरोबर उत्तर आहे. ते आधी बरोबर म्हणायचे, मग फळ्यावर मराठीत लिहायचे. 'नीट बोल' असे दरडावले की पुढच्या प्रश्नाला तो हात वर करत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि ऊसतोडीला कुटुंबे गेली की हजेरी घटते, म्हणून गोष्ट एका आठवड्यातच संपवावी, पुढच्यावर ढकलू नये.

आता मागणे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या ग्रंथालयात गोष्टीची पुस्तके असावीत, असे नमूद आहे, आणि पुस्तके येतातही. पण शंभर वेगवेगळ्या पुस्तकांची एकेक प्रत. २५ मुलांच्या वर्गात एका प्रतीने काय होणार? त्याच पैशांत वीस पुस्तकांच्या पाच-पाच प्रती द्याव्यात, म्हणजे पाच मुलांत एक पुस्तक येईल. शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, एखाद्या वेळी भाषणाऐवजी असा एक पाठ प्रत्यक्ष मुलांसमोर घेऊन दाखवावा. शाळाभेटीत मिनिट लावून झाले की पुस्तक मिटून 'का?' असलेले दोन प्रश्न विचारावेत आणि त्यांची नोंदही शेऱ्यात करावी. आणि पुस्तके कपाटात कुलूपबंद राहतात ती फाटण्याच्या, हिशेब देण्याच्या धास्तीने. तेव्हा हाताळून फाटलेल्या पुस्तकांचे निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून कमी करणे, केंद्रपातळीवरच (जवळपासच्या शाळांच्या समूहातच) करता येईल, असे पत्रक काढावे.

— काही प्राथमिक शिक्षक, अमळनेर तालुका, जि. जळगाव